म्हातारे अंपायर आणि त्यांचं प्रगतिपुस्तक

अर्धवट_रसिक
शनि, ०८/११/२०२५ - २१:४०

बेसबॉलची वर्ल्ड सिरीज संपून आठवडा झाला. तिसरा सामना अठरा इनिंग चालला आणि फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने संपला, त्यावर सगळीकडे भरभरून लिहून आलंय. मी मात्र त्याच सामन्याच्या दुसऱ्या इनिंगमध्ये अडकून पडलोय. टोरांटोचा डॉल्टन वार्शो फलंदाजीला, पहिल्या बेसवर बो बिशेट. चेंडू उंच आला. वार्शोला वाटलं चौथा बॉल, म्हणजे पहिला बेस फुकटात, तो बॅट टाकून पहिल्या बेसकडे निघाला. ते पाहून बिशेटही दुसऱ्या बेसकडे निवांत सरकला. सगळं ठरल्यासारखं झाल्यावर प्लेटमागच्या अंपायरचा, मार्क वेग्नरचा, हात वर गेला. स्ट्राइक! बिशेट दोन बेसच्या मधोमध उभा, पिचरने (आपला गोलंदाज) चेंडू पहिल्या बेसवर फेकला आणि तो आउट.

निर्णय बरोबर की चूक हे बाजूला ठेवू. इतक्या उशिरा निर्णय देणं हीच चूक नाही का? आणि असेल, तर ती कुणाच्या वहीत नोंदली जाते?

इथे बरेच जण क्रिकेटवाले आहेत म्हणून थोडक्यात. होम प्लेट सतरा इंच रुंद असते. तिच्यावर, साधारण फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत, हवेत एक अदृश्य चौकट असते, तोच स्ट्राइक झोन. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज आउट. फलंदाजाने बॅट फिरवली नाही तर हे ठरवायचं प्लेटमागच्या अंपायरने, साध्या डोळ्यांनी. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत कॅचरच्या (आपला यष्टिरक्षक) हातमोज्यात असतो. आणि असे निर्णय एका सामन्यात शंभराहून जास्त.

मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च लीगमध्ये, कायमस्वरूपी अंपायर फक्त ७६. चौघांचा एक क्रू, असे १९ क्रू. खालच्या लीगांमध्ये वर्षानुवर्षं बसने फिरून, मोटेलात झोपून इथवर पोचतात, आणि एकदा पोचले की वीस-पंचवीस-तीस वर्षं हलत नाहीत. त्यांना गुण दिले जातात. प्रत्येक सामन्यानंतर, प्रत्येक चेंडूला. पण ते गुण आपल्याला दिसत नाहीत. खेळाडू अपयशी ठरला की त्याची सरासरी पडद्यावर झळकते, अंपायरचं प्रगतिपुस्तक मात्र कपाटात कुलूपबंद. माझी तक्रार एवढीच. चुका होणारच, पण वही उघडी ठेवा.

---

सदाशिवपेठी
शनि, ०८/११/२०२५ - २२:१५

आपल्या स्टीव्ह बकनरसारखा तिकडेही एक बकनर आहे म्हणे? सी. बी. बकनर? खेळाडूंच्या मतचाचण्यांत एकापेक्षा जास्त वेळा 'सर्वांत वाईट अंपायर' ठरलेला? आणि जन्म जमैकाचा?

आमच्या जखमेवर मीठ चोळायलाच हा धागा काढलात ना!

---

स्क्वेअरलेग
शनि, ०८/११/२०२५ - २२:५२

सदाशिवपेठी, नावावरून माणूस ओढू नका. त्या बकनरचा या बकनरशी काही संबंध नाही. तो ब्रुकलिनमध्ये वाढला.

आणि आपल्या बकनरांबद्दलही थोडं सबुरीने घ्या. १२८ कसोटींत उभा राहिलेला माणूस होता तो. २००८ च्या सिडनी कसोटीत सायमंड्स तीसवर असताना इशांतच्या चेंडूवर बॅटची कड लागली, अख्ख्या मैदानाला ऐकू गेली, यांना नाही. सायमंड्स १६२ नाबाद. पुढच्या पर्थ कसोटीतून बकनरना काढलं, बिली बाऊडेन आले. आपण फटाके वाजवले. मी पुण्यात क्लब क्रिकेटला अंपायरिंग करतो, तेव्हाही करायचो. त्या संध्याकाळी माझ्या पोटात गोळा आला होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, उन्हात पाच दिवस उभा, आणि एका संघाच्या आरड्याओरड्यावर बाहेर. ती जबाबदारी निश्चित करण्याची पद्धत नव्हती, जमाव शांत करण्याची होती.

---

विदाखोर
रवि, ०९/११/२०२५ - ०१:०५

उशिरा येतोय, पण विषय माझा आहे.

धागाकर्ते म्हणतात वही कुलूपबंद. अर्धं खरं. मेजर लीग स्वतःचे गुण उघड करत नाही, पण प्रत्येक चेंडू कुठून गेला याची विदा (डेटा) उघड आहे. त्यावरून 'अंपायर स्कोअरकार्ड्स' नावाचा एक उद्योग चालतो, बॉस्टनच्या एका विद्यार्थ्याने सुरू केलेला. सामना संपल्यावर काही तासांत अंपायरने किती टक्के बरोबर दिले, कोणत्या संघाला किती फायदा झाला, याचं कार्ड तयार. त्यामुळे लोकांच्या हातात एक समांतर प्रगतिपुस्तक आहेच.

वयाचं म्हणाल तर २०१९ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या मार्क विल्यम्स यांनी अकरा हंगामांतले सुमारे चाळीस लाख चेंडू तपासले. एकट्या २०१८ च्या हंगामात बॉल-स्ट्राइकचे ३४,२९४ निर्णय चुकले, सामन्यामागे साधारण चौदा. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की सर्वांत अचूक दहा जणांचा सरासरी अनुभव तीन वर्षांहूनही कमी, आणि तळाच्या दहांचा वीस वर्षांच्या पुढे. शिवाय दोन स्ट्राइक झाल्यावर चुकण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट. म्हणजे फलंदाजाची मान सुरीखाली असते तेव्हाच हात जास्त थरथरतो.

अनुभवाने माणूस सुधारतो हे आपण सगळीकडे गृहीत धरतो. इथे तो आकड्यांत दिसत नाही.

---

अर्धवट_रसिक
रवि, ०९/११/२०२५ - ०९:२०

@विदाखोर, दंडवत. हेच हवं होतं. तरुण जास्त अचूक, पण वर्ल्ड सिरीज ज्येष्ठांना, क्रू चीफची, म्हणजे क्रूच्या प्रमुखाची, खुर्ची ज्येष्ठांना. खात्यात सेवाज्येष्ठतेने बढती मिळते तसं.

---

चाळकरी
रवि, ०९/११/२०२५ - ११:४८

धागाकर्त्यांना एक प्रश्न. तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक ईमेलमधली शुद्धलेखनाची चूक रोज रात्री गावभर लावली तर चालेल का?

मी गिरणगावातला. माझे आजोबा ब्याऐंशीच्या संपात घरी बसले ते कायमचे. त्यामुळे १९९९ मध्ये अमेरिकन अंपायरांनी काय केलं हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. करारानुसार संप करता येत नव्हता. म्हणून त्यांच्या संघटनेचे पुढारी रिची फिलिप्स यांनी डोकं लढवलं: सगळ्यांनी एकदम राजीनामे द्यायचे, मालक घाबरून बोलणी करतील. पन्नासहून जास्त जणांनी दिले. मालक घाबरले नाहीत. खालच्या लीगांमधून नवी माणसं उचलली आणि बावीस जणांचे राजीनामे शांतपणे मंजूर केले. काहींना पुढे लवादामार्फत परत घ्यावं लागलं, काहींची कारकीर्द तिथेच संपली. फिलिप्स यांची संघटनाही गेली, नवी आली.

मला म्हणायचंय ते हे की 'म्हाताऱ्यांना हात लावता येत नाही' हा समज खोटा आहे. एकदा लावलाय, आणि तो अचूकतेच्या नावाने लावलेला नव्हता. उघड वही उद्या कुणाच्या हाती जाणार, चाहत्यांच्या की मालकांच्या?

---

सदाशिवपेठी
रवि, ०९/११/२०२५ - १२:०३

जो वेस्टही त्या बावीसातलाच ना? 'काउबॉय जो', कंट्री गाणी म्हणणारा? २००२ मध्ये परत आला आणि २०२१ मध्ये बिल क्लेमचा ५,३७५ सामन्यांचा विक्रम मोडून ५,४६० वर थांबला. हाकलून दिलेला माणूस विक्रमवीर होतो, याला म्हणतात चिकाटी. पुण्यात असता तर नगरसेवक झाला असता.

---

मिशिगनची_मावशी
रवि, ०९/११/२०२५ - १९:३०

मी सहसा इथे वाचनमात्र असते. आज राहवेना.

२ जून २०१०, डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क. मी तिथे होते. यांच्या ऑफिसातून तिकिटं मिळालेली, मला तेव्हा बेसबॉलमधलं जेमतेम कळायचं. आर्मांडो गॅलारागा नावाचा मुलगा पिचिंग करत होता, डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा, फार नावाजलेला नव्हे. सव्वीस जण आले, सव्वीस गेले. एकही बेसवर पोचला नाही. सत्ताविसावा गेला की 'परफेक्ट गेम'. शंभराहून जास्त वर्षांत तेव्हापर्यंत फक्त वीस झालेले. आजूबाजूचे लोक उभे, कुणी बोलत नव्हतं, माझ्या शेजारच्या आजोबांनी टोपी छातीशी धरलेली.

सत्ताविसाव्याने, जेसन डोनाल्डने, जमिनीवरून चेंडू मारला. कब्रेराने उचलून फेकला, गॅलारागाने पळत जाऊन पहिल्या बेसवर झेलला, पाय बेसवर. माणूस एक पाऊल मागे. आम्ही ओरडायला लागलो आणि पहिल्या बेसचे अंपायर जिम जॉयस यांनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

गॅलारागा हसला. रागाने नाही हो, खरंच हसला. मी ते हसू अजून विसरलेले नाही. परत गेला आणि पुढच्या फलंदाजाला आउट केलं.

जॉयसनी आत जाऊन फीत पाहिली, आणि मग मुलाला भेटायला बोलावलं, रडत माफी मागितली. पत्रकारांसमोर सरळ सांगितलं की माझं चुकलं, मी त्या पोराचा परफेक्ट गेम हिरावला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सामना, जॉयस प्लेटमागे. सुट्टी घे म्हणाले होते, घेतली नाही. टायगर्सच्या मॅनेजरने संघाची यादी द्यायला मुद्दाम गॅलारागाला पाठवलं. जॉयस डोळे पुसत होते. अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं, ज्यांनी आदल्या रात्री शिव्या घातल्या तेच.

लीगच्या आयुक्तांनी निर्णय बदलला नाही. इतिहासात तो परफेक्ट गेम नाहीच. पण त्याच महिन्यात खेळाडूंची एक मतचाचणी छापून आली, सर्वोत्तम अंपायर कोण? जिम जॉयस.

आता विदाखोरांनी सांगावं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं.

---

बटाटेवडा
रवि, ०९/११/२०२५ - १९:४१

मावशी, लिहीत जा हो. +१००

---

विदाखोर
रवि, ०९/११/२०२५ - २३:१०

मावशी, प्रतिसाद वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. पण रकाना आहे. त्या चुकीनंतर चार वर्षांनी, २०१४ मध्ये, बेसवरच्या निर्णयांसाठी रिप्ले लागू झाला. त्याआधी फक्त होमरनपुरता होता, २००८ पासून. आज तोच निर्णय दोन मिनिटांत उलटला असता. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात डॉन डेंकिंगर यांनी पहिल्या बेसवर अशीच चूक केली होती. हरलेल्या सेंट लुइस संघाच्या चाहत्यांनी त्या माणसाला धमक्या दिल्या, कित्येक वर्षं सोडलं नाही. रिप्ले असता तर ती शिक्षा वाचली असती. यंत्र अंपायरचा शत्रू असतं असं नाही.

आणि तुमच्या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो, कारण ती कडू आहे. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना, प्लेटमागे पॅट होबर्ग. बॅट न फिरवलेले १२९ चेंडू, १२९ बरोबर. एकही चूक नाही. वयाने तरुण, आकड्यांत अव्वल. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला नोकरीवरून काढलं. एका पोकर खेळणाऱ्या मित्राबरोबर सट्ट्याची खाती वापरत होता, मित्राने त्यावरून बेसबॉलवर पैसे लावले, आणि होबर्गने चौकशीशी संबंधित संदेश पुसले. त्याने स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा किंवा सामन्यात काही गडबड केल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी गेला.

एका बाजूला सगळ्यात मोठी चूक करणारा सर्वांत विश्वासाचा, दुसऱ्या बाजूला १२९ पैकी १२९ वाला घरी. माझी विदा यातलं काहीच सांगत नाही हे मान्य.

---

अर्धवट_रसिक
सोम, १०/११/२०२५ - ०७:५५

पण होबर्गचं प्रकरण माझ्याच बाजूने जातं! सट्ट्याच्या बाबतीत लीगने नाव घेऊन, कारण देऊन, उघड कारवाई केली. झोनबाहेरचे तीन चेंडू स्ट्राइक दिले तर मात्र 'अंतर्गत बाब'.

आता अंपायर अँजेल हर्नांडेझ घ्या. एप्रिल २०२४, रेंजर्स विरुद्ध ॲस्ट्रोज, वायट लँगफर्ड फलंदाजीला. लागोपाठ तीन चेंडू इतके बाहेर की कॅचरला हात लांब करावा लागला, आणि तिन्ही स्ट्राइक. २०१८ च्या प्लेऑफमध्ये यांकीज-रेड सॉक्स सामन्यात पहिल्या बेसवर त्यांचे तीन निर्णय एकाच संध्याकाळी रिप्लेने उलटले. १९९१ पासून मैदानात होते, मे २०२४ मध्ये निवृत्त झाले. हंगामाच्या मध्येच, दोन ओळींच्या बातमीत. का, कसं, कुणी सांगितलं, काही नाही.

---

चाळकरी
सोम, १०/११/२०२५ - १०:३०

हर्नांडेझचं अर्धंच सांगितलंत. २०१७ मध्ये या माणसाने लीगवर खटला भरला. म्हणणं असं की २००५ नंतर मला वर्ल्ड सिरीज दिली नाही, क्रू चीफ केलं नाही, कारण मी क्यूबात जन्मलेला आहे. २०२१ मध्ये हरला, अपिलात २०२३ मध्ये पुन्हा हरला. कोर्टाला पुरावा पुरेसा वाटला नाही, ठीक. पण त्याच्या वकिलांनी आणखी एक आरोप केला होता. वर्षअखेरचे शेरे मुद्दाम असे लिहिले जातात की प्रत्यक्ष कामगिरीपेक्षा माणूस वाईट दिसावा.

खरं-खोटं देव जाणे. पण बंद वहीचा त्रास फक्त चाहत्यांना नाही, ज्याची वही आहे त्यालाही होतो, हे यातून कळतं. त्या मुद्द्यावर मी तुमच्याकडे थोडा सरकतोय. थोडाच.

---

स्क्वेअरलेग
सोम, १०/११/२०२५ - १४:१२

वही उघडली तरी गुण देणारा कोणती फुटपट्टी वापरतो हे पाहा. मागे वाचलं की मेजर लीग गुण देताना झोनच्या कडेबाहेर दोन इंचांपर्यंतची चूक माफ करायची. डिसेंबर २०२४ च्या नव्या करारात ती माफी पाऊण इंचावर आणली. परिणाम २०२५ मध्ये दिसला. कडेचे जे चेंडू वर्षानुवर्षं स्ट्राइक मिळायचे ते बॉल व्हायला लागले आणि पिचर कुरकुरायला लागले. अंपायर तेच, डोळे तेच. परीक्षा बदलली म्हणून उत्तरं बदलली.

आपल्या 'अंपायर्स कॉल'चंच हे भावंड. पायचीतच्या रिव्ह्यूत अर्ध्याहून कमी चेंडू यष्टीला लागत असेल तर मैदानातला निर्णय कायम. लोक त्याला शिव्या देतात, मी देत नाही. यंत्राच्या अंदाजातही चूक असते, तेवढी सवलत माणसाला द्यायला हवी. तिकडे पुढच्या वर्षी जे येतंय त्यात ही सवलत अजिबात नाही म्हणे?

अवांतर: आयसीसीच्या एलिट पॅनेलचं गुणपत्रकही आपल्याला दिसत नाही. पण यादी दरवर्षी जाहीर होते, आणि माणसं गळतात. २०१९ मध्ये आपले एस. रवी गेले, २०२० मध्ये नितीन मेनन आले. निकाल दिसतो, पेपर दिसत नाही. निम्मा उपाय आहे, पण आहे.

---

विदाखोर
सोम, १०/११/२०२५ - २१:२५

बरोबर. २०२६ पासून चॅलेंज पद्धत. प्लेटमागे माणूसच राहणार, पण प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. मागायचं फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचरने, तेही लगेच, डोक्यावर टपली मारून. डगआउटकडे (संघ बसतो ती जागा) बघून इशारा घ्यायचा नाही. झोन प्रत्येक फलंदाजाच्या उंचीवरून मोजणार: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ वर. चेंडूची कड जरी चौकटीला शिवली तरी स्ट्राइक. अंपायर्स कॉल नाही.

२०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, चाचणी झाली. सामन्यामागे सरासरी चारेक चॅलेंज, त्यातले निम्म्याहून किंचित जास्त यशस्वी. उलट बाजूने वाचा: खेळाडूंना शंभर टक्के खात्री वाटली तेव्हाही जवळपास निम्म्या वेळा अंपायर बरोबर होता. वार्शोही कदाचित टपली मारून फसला असता.

---

मिशिगनची_मावशी
सोम, १०/११/२०२५ - २१:५०

टपली मारून! आमच्या शाळेत बाई मारायच्या तशी? आता मुलं अंपायरसमोर स्वतःच्याच डोक्यात मारणार. बघायला येईन.

---

स्क्वेअरलेग
मंगळ, ११/११/२०२५ - ०८:४०

मला एक भीती आहे. चॅलेंज आलं की प्रत्येक चूक मोठ्या पडद्यावर, चाळीस हजार लोकांसमोर, लगेच. तरुण अंपायर झेलतील, ते त्याच्यातच वाढलेत, खालच्या लीगांमध्ये २०२३ पासून हेच चालू आहे. जेन पावल ऑगस्टमध्ये मेजर लीगमधली पहिली महिला अंपायर झाली, तिने हे सगळं आधीच पचवलंय. पण तीस वर्षं 'मी म्हणेन तो स्ट्राइक' म्हणत उभा राहिलेला माणूस? माझा अंदाज, बरेच जण न बोलता निघून जातील. २०२२ च्या हंगामानंतर दहा जण एकदम निवृत्त झाले होते. तेव्हा कुणी कारण विचारलं नाही.

माझंच सांगतो. गेल्या वर्षी एका क्लबने मैदानावर मोबाइल लावून माझ्या पायचीतच्या निर्णयांची फीत काढली आणि ग्रुपवर टाकली. सात निर्णय, दोन चुकलेले. एक तर इतका उघड की मलाच हसू आलं. रात्रभर झोप नाही. पण पुढच्या रविवारी मी यष्टींच्या आणखी अर्धा फूट जवळ उभा राहिलो, आणि खरं सांगतो, चेंडू जास्त नीट दिसला. पंचवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की मी लांब उभा राहतो.

---

अर्धवट_रसिक
मंगळ, ११/११/२०२५ - ०९:१५

@स्क्वेअरलेग, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. मी पहिल्या पोस्टमध्ये 'वही उघडी ठेवा' लिहिलं तेव्हा ती आपल्याला वाचायला मिळावी एवढंच डोक्यात होतं. तुमची वही तुम्हालाच पंचवीस वर्षं दाखवली नव्हती.

---

सदाशिवपेठी
मंगळ, ११/११/२०२५ - ०९:३२

भावुक झालात सगळे. कामाचं बोला. २०२६ मध्ये कुणाचे सर्वांत जास्त निर्णय उलटणार? नावं द्या, जुलैत धागा वर काढू. माझ्याकडून एक चितळेंची बाकरवडी पणाला.

---

विदाखोर
मंगळ, ११/११/२०२५ - ०९:४४

तक्ता मी ठेवतो, सामनागणिक भरतो. बाकरवडी मात्र परत घ्या. पैजा लावल्या की होबर्ग होतो.